एका चुलीचं घर

कायदा करणाऱ्यांनी झापांचं छप्पर बंद केलं, पण घर कशाला म्हणायचं ते काही सांगितलं नाही. ते काम त्यांनी इन्स्पेक्टरांवर सोडलं, आणि इन्स्पेक्टर किती आले तरी प्रत्येकाचं डोकं वेगळं. त्या डोक्यांपायी आमचं ठाण्याचं घर गेलं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत होते. खरं सांगायची लाज वाटायची. घर माझ्याच माणसांनी घालवलं.

महाराणीच्या ज्युबिलीच्या साली खाडीकडच्या आळीत कुणाच्या तरी घरी रॉकेलची चिमणी कलंडली आणि सबंध रांग जळाली. त्यानंतर नियम आला. गावाच्या हद्दीत गवताचं, चटईचं किंवा झापांचं नवं छप्पर घालायचं नाही. जुनं असेल त्याची डागडुजी करायला हरकत नाही. आमच्या वाडीत एकजात सगळी घरं झापांची. नारळाच्या झावळ्या डबक्यात भिजत घालायच्या, मऊ झाल्या की वळायच्या, वाळवून छपरावर बांधायच्या, हे आम्ही बायका लहानपणापासून करत आलेल्या. एक पावसाळा झाप धड टिकतं, दुसरा ठिगळं लावून निघतो, तिसरा नाही. म्हणजे आमची डागडुजी हेच आमचं नवं छप्पर. मग डागडुजी कुठे संपली हे ठरवायचं कोणी? तर इन्स्पेक्टराने.

पहिला इन्स्पेक्टर जाडगेला होता. त्याला वर चढवायचं नाही, म्हणून तो खालूनच आढ्याकडे बघायचा. आढ्यावरचं जुनं झाप हललं नसेल तर त्याच्या लेखी डागडुजी. मग काय, वाडीतल्या लोकांनी खालचं सगळं कोरं करकरीत घातलं आणि वर आढ्यावर तेवढी काळी कुजकी पट्टी ठेवली. सगळी घरं शेंडी राखल्यासारखी दिसायची. आम्ही हसून हसून बेजार. तो मात्र समाधानाने मान हलवून जायचा.

त्याची बदली झाली आणि सहदेवराव आले. राहायला कल्याणला, रोज आगगाडीने येणारे. अंगाने काटकुळे, बोलायला सावकाश, आणि हरामाची सुपारीसुद्धा न खाणारे. हे एक वाईटच झालं. खाणारा माणूस असता तर माझं घर राहिलं असतं. त्यांच्याबरोबर काळुराम नावाचा शिपाई असायचा, हातात मापाचा बांबू घेऊन. सहदेवरावांनी शेंड्या पहिल्याच दिवशी ओळखल्या. त्यांनी नवा अर्थ लावला, की एका घराच्या छपराचा अर्ध्यापर्यंत भाग नवा घातला तर ती डागडुजी, त्याच्या वर गेला की नवं छप्पर. नवं छप्पर दिसलं की उतरवायला लावायचं, आणि मग कौलं तरी घाला नाहीतर जागा सोडा.

आता आमचं घर कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आढं एकच, त्याखाली मध्ये कुडाची भिंत. उजवीकडे मी, माझा नवरा अल्फान्सो आणि माझी सासू रोझा. डावीकडे माझा धाकटा दीर युजीन आणि त्याची बायको अँजेला. अल्फान्सो मिठागरात जायचा, युजीन रेल्वेच्या यार्डात. चुली दोन होत्या, पण भांडून वेगळ्या झालेल्या नव्हत्या. नवी सून आली, तिला तिची चूल दिली, एवढंच.

सहदेवराव आले त्या वर्षी आमच्या छपराच्या दोन्ही बाजू बदलायला झाल्या होत्या. युजीनची बाजू जास्त वाईट नव्हती, पण अँजेलाला दिवस गेलेले. बाळंतीण गळक्या घरात कशी निजणार? पण दोन घरं धरली तर युजीनला त्याचं अर्धंच छप्पर घालता येत होतं. काळुराम आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. साहेब यायच्या आदल्या दिवशी तो येऊन सांगून गेला, "सायब चुली बघतान. एक चूल त एक घर. दोन चुली त दोन घरा."

त्या संध्याकाळी युजीन माझ्या दारात आला. नेहमी हसणारा माणूस, पण तेव्हा पार रडकुंडीला आला होता.

"वयनी, आमची चूल मोडू काय? तुजे चुलीवर जेवू आमी. मंग घर एक, न माजी बाजू म्हन्जे अर्धा छप्पर. सगला नवा घालता येल."

"न माजी बाजू?" मी विचारलं.

"तुजी पुढचे सालान. तवा माजी जुनी ऱ्हाईल, तुजी नवी. तवापन अर्धाच."

सासू खाटेवर जपमाळ घेऊन बसली होती. तिने ती माळ हातात उंच धरली आणि म्हणाली, "मी हाय ना साक्षीला. पुढचे सालान बिट्रिसची बाजू." तिच्या हातातल्या क्रुसावर युजीनने ओठ टेकले. मला अजून काय पाहिजे होतं?

मी स्वतः अँजेलाची चूल फोडली. तिला वाकवत नव्हतं. राख भरून परसात टाकली, जागा शेणाने सारवली, तिची मडकी माझ्या फळीवर आणून मांडली. दुसऱ्या दिवशी सहदेवरावांनी आत येऊन बघितलं.

"स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "सगल्यांचा."

"ठीक आहे. मी हे एक घर धरतो. पण लक्षात ठेवा, मी न सांगता येईन. दुसरी चूल दिसली तर दोन घरं धरेन."

आणि ते खरंच न सांगता यायचे. म्हणून वर्षभर मी सगळ्यांचं रांधलं. वरून माझ्याच डोक्यावर पाणी, कारण माझ्यासाठी वळून ठेवलेली झापंसुद्धा युजीनच्या बाजूला कमी पडली म्हणून मीच काढून दिली होती. पावसाळाभर मी चुलीवर सुपाने आडोसा धरून भाकऱ्या भाजल्या. लाकडं ओली, डोळे धुराने लाल. पलीकडे कोरड्या जागेत अँजेला निजलेली, तिला पेज नेऊन द्यायची. मुलगी झाली, तिला न्हाऊमाखू मी घातलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. सगळे एका ताटाभोवती बसायचे, युजीन माझ्या बांगड्याच्या आंबट कालवणाला मिटक्या मारायचा आणि म्हणायचा, "वयनी, आता चूल कदी वेगली करूच नको." खुळी मी, मला ते खरं वाटायचं.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत अँजेलाच्या बापाने कौलं पाठवली. तो शहाडचा, कुंभारांशी त्याची ओळख. उल्हास नदीतून होडी भरून आली, खाडीत लागली आणि दोन दिवस वाडीतली माणसं कौलं वाहत होती. मीही वाहिली. युजीनने आपली झापं उतरवली आणि लाल कौलं चढवली. अर्धं घर लाल, अर्धं काळं. अल्फान्सोला मी म्हटलं, बरं झालं, आता आपल्याला कसलीच भीती नाही. कौलांना तर नियमच नाही. घर एक, आपली बाजू अर्धी, आपण सगळी नवी घालू.

"व्हय," तो म्हणाला. त्याला कुठल्याही गोष्टीला व्हयच म्हणता येतं.

मग सासूची खाट पलीकडे गेली. कोरडं आहे, खोकला कमी होईल, असं युजीन म्हणाला. मीच एक बाजू धरून खाट नेली. तिचं जेवण दोन्ही वेळा मी नेऊन देत होते.

ईस्टरच्या दिवशी मी सगळ्यांसाठी डुकराचं मांस रांधलं आणि हाक मारायला पलीकडे गेले. तर अँजेला चुलीपुढे बसलेली. नवीकोरी मातीची चूल, वर भिंतीवर खडूने क्रूस काढलेला. भात शिजत होता.

"पोरीला पानी तापवाला केलीस?" मी विचारलं.

ती उठली नाही. मडक्याकडे बघतच म्हणाली, "नाय वयनी. आमी आता आमचा रांधतूं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिथेच खाली बसले. मी म्हटलं, अगं, इन्स्पेक्टर कधीही येईल. माझी झापं अंगणात वळून पडली आहेत. दोन चुली बघितल्या तर दोन घरं होतील आणि माझं अख्खं छप्पर नवं ठरेल. माझं छप्पर होईपर्यंत थांब. पुढचे आठ दिवस थांब, मग तुला हव्या तर दहा चुली घाल. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. रेल्वेला ईस्टर नसतो. मी यार्डातून युजीन येईपर्यंत ओट्यावर वाट बघितली आणि त्याला तेच सांगितलं, अगदी हात जोडून सांगितलं. ज्याची मी वर्षभर उष्टी काढली त्याला मी हात जोडले.

तो भिंतीला टेकून उभा राहिला. "वयनी, तुजे बाजूला झापा ऱ्हाली न ठिनगी परली, त माजी कौला काय कामाची? आढा एकच हाय. माजी पोर हाय घरान."

"गेल्या साली तुजी झापा होती न माजी चूल बाजूला होती. तवा ठिनगी नव्हती काय?"

"तवा माजेकडं कौला नव्हती," तो म्हणाला.

इतकं उघड बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. निदान काही खोटं सांगायचं, माझी थोडी तरी समजूत घालायची. तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

तीन दिवसांनी सहदेवराव आले. काळुरामने या खेपेला आधी सांगितलं नव्हतं. मी अंगणात झापं मोजत होते. त्यांनी झापांकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मग दोन्हीकडच्या धुराकडे.

"बाई, चुली दोन दिसतात."

"ती पोरीच्या पान्याला हाय," मी म्हटलं. माझ्याच कानाला ते लटकं वाटलं.

"दोन घरं असतील तर तुम्हाला तुमचं अर्धंच छप्पर बदलता येईल. अर्धं या वर्षी करा, अर्धं पुढच्या वर्षी."

"सायब, उरलेला अर्धा बघा तरी."

त्यांनी खूण केली. काळुरामने बांबूने एका जागी नुसतं टेकवलं आणि तिथलं झाप भुगा होऊन खाली आलं. पाठोपाठ वासाच मोडला. मधोमध भगदाड पडलं आणि त्यातून माझी चूल, मडकी, अंथरूण सगळं गल्लीतल्या लोकांना दिसू लागलं. काळुरामने मान खाली घातली. दोन पावसाळे मी ते ठिगळांवर काढलं होतं, एक माझ्यासाठी आणि एक युजीनसाठी.

मग मी भांडायला उभी राहिले. मी म्हटलं, "सायब, कल्यानला तुमचे तिकडं आढ्यावर घर धरतान ना? मिठागरान कल्यानची मानसा हायीत, ती सांगतान. एक आढा, एक घर. आमचा आढा एकच हाय."

"तिकडचे इन्स्पेक्टर तसं धरतात. काही ठिकाणी दारावरून धरतात. कायद्यात घराची व्याख्या नाही, बाई, म्हणून ज्याला जे पटतं ते तो धरतो. माझ्या मते जे एकत्र जेवतात त्यांचं घर एक. तुमच्याच बाबतीत गेल्या वर्षी मी ते धरलं, तेव्हा तुमची तक्रार नव्हती." ते चिडले नव्हते. उलट त्यांना अवघड झालं होतं. थोडा विचार करून म्हणाले, "चूल पाण्याची असेल तर मी ती मोजणार नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने तसं सांगितलं पाहिजे. सासूबाई कुठे आहेत?"

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. युजीन काहीही म्हणो, विचारणार होते सासूला. लग्न होऊन आले तेव्हापासून तिचं सगळं मी केलेलं. तिचे केस मी विंचरायचे, तिचे पाय मी चेपायचे, तिला दात नाहीत म्हणून मासळीचे काटे मी काढून द्यायचे. आणि क्रूस हातात धरून साक्षीला राहिली होती तीच. मी धावत पलीकडे गेले आणि तिला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. युजीन दारात, अँजेला पोर घेऊन त्याच्यामागे, अल्फान्सो अंगणात. तो मिठागरातून नुकताच आला होता, पायाला चिखल तसाच.

सहदेवराव वाकून, मोठ्याने म्हणाले, "आजी, या घरात जेवणाच्या चुली किती?"

सासूने एकदा युजीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला कमी ऐकू यायचं, पण हे तिने नीट ऐकलं होतं.

"दोन," ती म्हणाली.

"तुम्ही कुठल्या चुलीवरचं जेवता?"

"युजीनचे."

त्या दिवशी दुपारी तिने माझ्या हातची पेज खाल्ली होती. वाटी अजून तिच्या खाटेखाली होती. मी अल्फान्सोकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा तोंड उघडेल. तो पायाचा चिखल काठीने खरवडत होता. सहदेवरावांनी त्यालाही विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" तर म्हणतो, "आई सांगल ता."

जुनं अर्धं टिकणार नव्हतं, म्हणजे सगळंच नवं घालावं लागणार, म्हणून सहदेवरावांनी छप्पर पाऊस येण्याआधी उतरवायला सांगितलं आणि निघून गेले. जाताना काळुराम माझ्यापाशी थांबला, काहीतरी बोलावं म्हणून. मी त्याला हाकललं.

मग मी सासूच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. मला तिला मारावंसं वाटत होतं. विचारलं, "आई, असा का केला?"

ती रडली नाही की चाचरली नाही. माझ्या गालावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "बिट्रिस, तुजे हात धड हायीत गो. तू कुठंपन जाशील न घर हुबा करशील. युजीनला नाय जमाचा. त्याचे कौलांना काय झाला त तो मरल. तुला काय व्हनार नाय."

म्हणजे हिशेब असा होता. जो बुडेल त्याला धरायचं आणि जिला पोहता येतं तिला पाण्यात सोडायचं. मी वर्षभर ओल्या लाकडांवर सगळ्यांचं रांधलं, गळक्या घरात राहून दाखवलं, तेव्हाच तिने मनात ठरवलं असणार की हिला काहीही चालतं. मी एकदा जरी आजारी पडले असते, एकदा जरी हातपाय आपटून रडले असते, तर कदाचित तिने एक चूल सांगितली असती.

छप्पर उतरवायला वाडीतली माणसं आली, आमच्यात ती रीतच आहे, घालायला येतात तशी काढायलाही येतात. युजीनही आला. शर्ट काढून, डोक्याला फडकं बांधून, वर चढून दोऱ्या कापायला लागला. सगळ्यांत चपळ तोच. वरून मला हाक मारून म्हणतो, "वयनी, बाजूला सर, धूल परल." मी सरले नाही. सगळी धूळ अंगावर घेतली.

कौलं घ्यायची आमची ऐपत नव्हती. कोपरला माझ्या मामाची पडकी झोपडी होती. ते खेडं, तिथे म्युनिसिपालटी नाही, झापांना कोणी विचारत नाही. माझी वळलेली झापं, मडकी, अंथरूण होडीत भरलं. भरती लागली होती, होडीवाला घाई करत होता. अल्फान्सो म्हणाला, "आईला सांगून ये."

आमच्यात घरातून निघताना वडीलधाऱ्यांपुढे वाकून आशीर्वाद मागायचा असतो. बाजाराला जातानासुद्धा मागतात. अल्फान्सोने मागितला. सासूने त्याच्या कपाळावर क्रूस काढला, तो उठून डोळे पुसत बाजूला झाला. मग तिने माझ्याकडे हात केला. मी समोर उभी होते, ताठ. तिला वाटलं मला हात दिसला नाही, म्हणून तिने तो आणखी वर केला. तिच्या खांद्याला दुखायचं, ते मला माहीत होतं. रोज मीच तेल लावायचे.

"ये गो बिट्रिस," ती म्हणाली. "वाक जरा. मना पुरत नाय."

तिला खरंच वाटत होतं की मी वाकेन. तिने माझं घर मोडलं होतं आणि तरी तिच्या मनात शंकासुद्धा नव्हती. मी तिच्या हाताकडे बघितलं, मग पाठ केली आणि होडीत जाऊन बसले. अल्फान्सोने दोनदा सांगितलं, "आईचा हात अजून वरतीच हाय." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे."